प्रतिनिधी : एका पदवीचा आणि एका शब्दाचा प्रवास

३.१ प्रस्तावना

मराठी आडनावांची यादी चाळली तर तिच्यात मराठ्यांच्या राज्यकारभाराची अर्धीअधिक कचेरी सापडते. पेशवे, सचिव, अमात्य, चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस, मुतालिक ही सारी मुळात कामांची नावे. काम करणारा माणूस गेला, काम गेले, राज्यही गेले. नाव मात्र घराण्याला चिकटून राहिले. अशा बहुतेक शब्दांचा अर्थ आज गोठलेला आहे. फडणीस आडनावाच्या व्यक्तीकडे आपण हिशेबाचा फड शोधत नाही.

'प्रतिनिधी' हा शब्द मात्र याला अपवाद आहे. तो सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत विखुरलेल्या एका संस्थानिक घराण्याची पदवी होता, आणि आज तो आपल्या लोकशाहीच्या रोजच्या व्यवहारातील शब्द आहे. लोकप्रतिनिधी, वर्गप्रतिनिधी, विक्री प्रतिनिधी, वर्तमानपत्रातील 'आमच्या प्रतिनिधीकडून' हे सर्व आपल्या परिचयाचे. साहित्याच्या अभ्यासात तर 'प्रातिनिधिक कथा' हा शब्द तुम्ही पदोपदी वाचता. राजाची पदवी आणि लोकांचा शब्द यांच्यात केवळ योगायोगाचे नाते आहे काय? या घटकात आपण त्याच प्रश्नाचा मागोवा घेणार आहोत.

आरंभी शब्दाची घडण पाहू. प्रति, नि आणि 'धा' म्हणजे ठेवणे, यांपासून हा शब्द बनला. एखाद्याच्या जागी ठेवलेला तो प्रतिनिधी. संस्कृतात राजकारणाच्या आधी तो यज्ञशाळेत वावरला आहे. यज्ञासाठी सांगितलेले द्रव्य मिळाले नाही तर त्याऐवजी कोणते वापरावे, याची मीमांसकांनी बारीक चर्चा केली आहे. सोमवल्लीच्या जागी पूतिका ही वनस्पती घ्यावी, हे त्याचे ठळक उदाहरण. ती पूतिका म्हणजे सोमाचा प्रतिनिधी. ती सोमाचे काम करते, पण म्हणून सोम होत नाही. त्याच चर्चेत आणखी एक दंडक येतो : द्रव्याला प्रतिनिधी चालतो, परंतु ज्याच्यासाठी यज्ञ चालला आहे त्या यजमानाला प्रतिनिधी नसतो. हा दंडक ध्यानात ठेवा. पुढील इतिहासात नेमके यजमानाच्याच जागी प्रतिनिधी बसवण्याची वेळ आली होती.

३.२ जिंजी : पदाचा जन्म

१६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांच्या फारसी नावांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. पेशव्याचे मुख्य प्रधान, मुजुमदाराचे अमात्य, सुरनीसाचे सचिव, सरनौबताचे सेनापती झाले. या आठांत प्रतिनिधी नाही. राजा समर्थ होता, राजधानी सुरक्षित होती. राजाच्या जागी दुसरा कोणी ठेवण्याचे कारणच नव्हते.

ते कारण १६८९ मध्ये उद्भवले. मार्च महिन्यात संभाजी महाराजांची हत्या झाली. वर्ष संपण्यापूर्वी रायगड मोगलांच्या हाती गेला आणि येसूबाई व बाल शाहू औरंगजेबाच्या कैदेत पडले. राजाराम महाराज त्यापूर्वीच गडावरून निसटले होते. ते दूर दक्षिणेत, तमिळ मुलखातील जिंजीच्या किल्ल्यात पोहोचले. इकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य 'हुकूमतपन्हा' म्हणून कारभार सांभाळत होते आणि तिकडे जिंजीत १६९० च्या सुमारास एक नवे पद निर्माण झाले. प्रल्हाद निराजी यांना राजारामांनी 'प्रतिनिधी' नेमले आणि त्यांचे स्थान अष्टप्रधानांच्याही वर ठेवले. प्रल्हादपंतांचे वडील निराजी रावजी हे शिवाजी महाराजांचे न्यायाधीश होते.

येथे थोडे थांबून एक तुलना करू. अशीच परिस्थिती युरोपच्या उत्तर टोकाला, स्कॉटलंडमध्ये, सुमारे तीन शतकांपूर्वी आली होती. तेथील राजा तिसरा रॉबर्ट हा दुबळा होता. १३९८ मध्ये त्याने आपल्या भावाला 'ऑल्बनीचा ड्यूक' ही नवी पदवी दिली. ऑल्बनी हे स्कॉटलंडच्याच एका जुन्या नावाचे रूप. म्हणजे पदवीतच राज्याचे नाव होते. १४०६ मध्ये राजपुत्र जेम्स समुद्रात इंग्रजांच्या हाती सापडला. पाठोपाठ राजा वारला आणि बंदिवान वारसाच्या वतीने त्याचा हा काका राज्य करू लागला. जेम्सची कैद अठरा वर्षे चालली. या काळात ऑल्बनीने स्वतःच्या मुलाला, मर्डॉकला, इंग्रजांच्या कैदेतून सोडवून आणले. पुतण्या मात्र तेथेच राहिला. ऑल्बनी १४२० मध्ये मेला आणि मर्डॉक ड्यूक झाला. १४२४ मध्ये जेम्स परतला आणि पुढच्याच वर्षी त्याने मर्डॉकला देहान्त शिक्षा दिली.

कैदेतला बाल वारस आणि मोकळा काका. शाहू आणि राजाराम यांचे नाते हेच होते, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. पण येथे मराठ्यांच्या इतिहासाने वेगळे वळण घेतले. राजाराम स्वतः छत्रपती झाले आणि त्यांच्या हाताखाली 'राजाच्या जागी' म्हणून जो माणूस ठेवला गेला तो भोसले कुळातला नव्हता. तो कारभारी घराण्यातला ब्राह्मण होता. त्याला राज्य चालवता आले असते, पण सिंहासनावर हक्क सांगता आला नसता. हे ठरवून केले असेल किंवा जिंजीत जो विश्वासू माणूस हाताशी होता त्यालाच नेमले असेल. परिणाम मात्र एकच. ऑल्बनीच्या पदवीत जो धोका होता, म्हणजे मुखत्यारच मालक होण्याचा, तो प्रतिनिधिपदात नव्हता. राजघराण्यात काका-पुतण्याचा तंटा पुढे व्हायचा तो झालाच. परंतु तो प्रतिनिधीने केला नाही, त्यात प्रतिनिधी केवळ ओढला गेला.

याचा अर्थ राजाच्या नातलगांना मान नव्हता असे नाही. सातारा जिल्ह्यातील फलटणचे नाईक निंबाळकर हे शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई यांचे माहेर. अक्कलकोटचे घराणे तर शाहू महाराजांनी १७०७ मध्ये परतीच्या वाटेवर आपलेसे केलेल्या एका मुलापासून निघाले. लोखंड्यांच्या या मुलाला त्यांनी फत्तेसिंह भोसले हे नाव दिले. नाते आणि जहागीर अशी बरोबरीने चालली. फक्त राजाच्या नावाने शिक्का उठवण्याचा अधिकार नात्याबाहेर ठेवला गेला.

३.३ किन्हईचे परशुरामपंत

जिंजी पडण्यापूर्वीच प्रल्हाद निराजी निवर्तले. ज्यांच्यामुळे हे पद एका घराण्याचे झाले ते परशुराम त्र्यंबक हे सातारा जिल्ह्यातील किन्हईचे कुलकर्णी. रामचंद्रपंत अमात्यांच्या हाताखाली ते लेखणी आणि तलवार दोन्ही चालवायला शिकले. पन्हाळा मोगलांकडून परत घेण्यात त्यांचा मोठा वाटा होता. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाने घेतला, आणि ताराबाईंनी आपल्या लहान मुलाच्या नावाने राज्य हाती घेतले. ताराबाईंच्या या कारभारात प्रतिनिधी होते परशुरामपंत.

मग १७०७ मध्ये शाहू सुटून आले. आता ज्याचा प्रतिनिधी व्हायचे तो राजा कोणता, हा प्रश्न प्रथमच उघडपणे उभा राहिला. खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंना मिळाले. परशुरामपंत ताराबाईंच्या बाजूने राहिले, हरले आणि पुढे कैदेत पडले. जानेवारी १७०८ मध्ये शाहूंनी साताऱ्यास राज्याभिषेक करून घेतला आणि प्रतिनिधिपद प्रल्हाद निराजींचे पुत्र गदाधर यांना दिले. गदाधर १७१० मध्ये वारल्यावर परशुरामपंतांना पद मिळाले, पुन्हा गेले, आणि १७१३ च्या सुमारास पुन्हा मिळाले ते घराण्यात राहिले. मधल्या गमनाचे कारण त्यांचे थोरले पुत्र कृष्णाजी होते. ते कोल्हापूरच्या पक्षाला जाऊन मिळाले आणि तेथले प्रतिनिधी झाले. विशाळगडचे प्रतिनिधी घराणे ते हेच. १७१८ मध्ये परशुरामपंत वारले तेव्हा साताऱ्याचे प्रतिनिधिपद धाकट्या श्रीपतरावांकडे गेले. दोन भाऊ, दोन गाद्या, आणि दोघांची पदवी एकच.

श्रीपतराव हे या पदाचे ऐन वैभव. शाहूंच्या दरबारात पहिल्या बाजीरावाच्या उत्तरेकडील मोहिमांना विरोध करणारा आवाज त्यांचा होता. आधी घर सावरावे, दक्षिण बंदोबस्तात आणावी, मग नर्मदा ओलांडावी, असे त्यांचे म्हणणे. बाजीरावाच्या तेजामुळे नाटकांत आणि कादंबऱ्यांत श्रीपतरावांच्या वाट्याला बहुधा खलनायकाची किंवा भित्र्या म्हाताऱ्याची भूमिका येते. ती मला अन्यायाची वाटते. १७३० मध्ये कोल्हापूरच्या संभाजी राजांच्या छावणीवर अचानक जाऊन ती उधळून लावणारे हेच श्रीपतराव. त्या विजयानंतर १७३१ मध्ये वारणेचा तह झाला आणि वारणा नदी दोन राज्यांची सीमा ठरली. आज सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांमधून वाहणारी हीच ती वारणा.

श्रीपतराव १७४६ मध्ये वारले आणि १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज. सत्ता साताऱ्याहून पुण्याला गेली. प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव यांनी सांगोल्यास बंडाचा पवित्रा घेतला, तो १७५० मध्ये सदाशिवरावभाऊंनी मोडला. मुतालिक म्हणजे पदाधिकाऱ्याच्या वतीने काम पाहणारा. राजाचा प्रतिनिधी, आणि प्रतिनिधीचा मुतालिक! एकाच्या जागी दुसरा, दुसऱ्याच्या जागी तिसरा अशी ही उतरंड झाली की मूळ माणूस दिसेनासा होतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सातारचे छत्रपती असेच दिसेनासे झाले होते. पेशवाईच्या अखेरीस परशुराम श्रीनिवास, म्हणजे लोकांच्या तोंडी 'थोटे पंत', यांनी पेशव्यांशी वैर धरले. बापू गोखल्यांनी त्यांना पकडल्यावर वासोटा किल्ल्यावरून गोखल्यांशी झुंजली ती ताई तेलीण. तिची आठवण सातारा भागात लोकवाणीने राखली आहे. राजघराण्याच्या कागदांपेक्षा लोकांच्या तोंडी ती अधिक जिवंत आहे, आणि हेही आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने नोंदवून ठेवण्यासारखे.

विचार करा : आपल्या परिसरातील असे कोणते ऐतिहासिक व्यक्तिनाम आहे, जे बखरीत वा दप्तरात दुय्यम, पण म्हणी, ओव्या किंवा आख्यायिकांत ठळक आहे?

३.४ राजा नसलेला राजप्रतिनिधी

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांसाठी साताऱ्याचे छोटे राज्य राखले आणि १८२० मध्ये त्याच्या जहागीरदारांशी वेगवेगळे करार केले. औंधचे पंत प्रतिनिधी, भोरचे पंत सचिव, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले आणि वाईचे शेख मिरे असे हे सहा जण. सिंहासन बोलेनासे झाले होते, तरी होते. प्रतिनिधीला निदान कोणाचे तरी प्रतिनिधी म्हणवून घेता येत होते.

५ एप्रिल १८४८ रोजी शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज वारले. त्यांनी घेतलेले दत्तक डलहौसीने मानले नाही आणि साताऱ्याचे राज्य खालसा झाले. जहागिरी मात्र खालसा झाल्या नाहीत. त्यांचा संबंध थेट इंग्रज सरकारशी जोडला गेला. आता यज्ञशाळेतील तो दंडक आठवा. ज्याच्या जागी ठेवायचे तो यजमानच उरला नव्हता. प्रतिनिधी मात्र शिक्क्यावर, कागदावर, किताबात तसाच होता. पुढील नव्वद वर्षे औंधचे अधिपती एका अस्तित्वात नसलेल्या राजाचे प्रतिनिधी होते.

ऑल्बनीच्या पदवीचेही असेच झाले. कारभाराचे काम सुटले, आणि ती राजघराण्यातील धाकट्या मुलांना देण्याचा अलंकार बनली. १८८१ मध्ये व्हिक्टोरिया राणीने ती आपला मुलगा लिओपोल्ड याला दिली. त्याचा मुलगा पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने राहिला, म्हणून १९१७ च्या कायद्यान्वये १९१९ मध्ये ती काढून घेण्यात आली. काम नसलेली पदवी तेथे अशी संपली. औंधात निराळे घडले.

३.५ औंधचा प्रयोग

नकाशात औंध संस्थान एकसंध दिसत नसे. औंध आणि किन्हई हा भाग सातारा बाजूला. कुंडल आणि आटपाडी आजच्या सांगली जिल्ह्यात. एक तुकडा विजापूरकडे. सुमारे ७२ गावांचे हे राज्य. त्याची गादी १९०९ मध्ये भवानराव उर्फ बाळासाहेब पंत प्रतिनिधी यांच्याकडे आली. सूर्यनमस्काराचा त्यांनी ध्यास घेतला, स्वतः चित्रे काढली, औंधच्या डोंगरावर संग्रहालय उभारले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. यातील प्रत्येक गोष्टीवर स्वतंत्र घटक लिहिता येईल. आपला विषय मात्र त्यांची पदवी आहे.

१९३८ च्या अखेरीस बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेकडे सोपवण्याचे जाहीर केले. त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते, ज्यांनी भारतानंद हे नाव घेतले होते, गांधीजींकडे गेले, आणि त्यांच्या सल्ल्याने घटना तयार झाली. २१ जानेवारी १९३९ रोजी ती अमलात आली. तिचा पाया गाव हा होता. प्रत्येक गावाने पाच जणांची पंचायत निवडायची, गावचे न्यायनिवाडे शक्यतो तेथेच व्हायचे. पंचायतींतून तालुक्याची समिती आणि वर विधिमंडळ. आटपाडीजवळ कैद्यांसाठी 'स्वतंत्रपूर' ही भिंतींवाचूनची वसाहत याच काळात उभी राहिली. १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाला तीच कल्पना आधारभूत आहे, आणि त्याचे लेखक ग. दि. माडगूळकर हे या संस्थानच्याच मुलखातले.

या प्रयोगाचे कौतुक करताना तोल राखला पाहिजे. सार्वभौम सत्ता इंग्रजांची होती, संस्थान चिमुकले होते, आणि अधिकार लोकांनी मिळवले नव्हते, ते राजाने दिले होते. तरीही शब्दाच्या इतिहासात या तारखेला तोड नाही. तोवर 'प्रतिनिधी' वरून खाली पाहत असे : छत्रपतींच्या वतीने प्रजेकडे. आता आटपाडीच्या किंवा कुंडलच्या शेतकऱ्याने निवडून दिलेला माणूस प्रजेच्या वतीने विधिमंडळात बसू लागला, तोही प्रतिनिधीच. नव्वद वर्षे रिकामी पडलेली यजमानाची जागा भरली गेली. अर्थशास्त्रातील पुरवठा जसा मागणीमागे येतो तसा भाषेत अर्थ व्यवहारामागे येतो, असे आपण अर्थपरिवर्तनाच्या घटकात पाहिले आहे. लोकांनी निवडलेला तो प्रतिनिधी, हा अर्थ मराठीत आधीही रुळत होता. परंतु पदवी धारण करणाऱ्याने स्वतःच पदवीचा अर्थ लोकांच्या हवाली करावा, असे दुसरे उदाहरण मला आढळलेले नाही.

याच मुलखात लवकरच 'प्रति'चे दुसरे रूप उभे राहिले. १९४२ च्या आंदोलनानंतर क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातारा जिल्ह्यात इंग्रजांविरुद्ध समांतर राज्यव्यवस्था चालवली. ते प्रतिसरकार, लोकांच्या तोंडी 'पत्री सरकार'. कुंडल हे त्याचे एक प्रमुख केंद्र होते, आणि कुंडल औंध संस्थानात होते. इंग्रज पोलिसांना चुकवणाऱ्या भूमिगतांना संस्थानच्या हद्दीत आसरा मिळे. 'प्रतिनिधी'तील प्रति म्हणजे 'च्या जागी', 'प्रतिसरकार'मधील प्रति म्हणजे 'च्या विरोधात'. उपसर्ग एक, अर्थ दोन, आणि कुंडलच्या एकाच चावडीवर दोघांचे नाव निघत असे.

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर औंध मुंबई राज्यात विलीन झाले. पुढल्या वर्षी सातारा जिल्ह्याची फाळणी होऊन दक्षिण सातारा जिल्हा निघाला, त्यालाच १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. बाळासाहेब १९५१ मध्ये वारले. आप्पासाहेब १९४८ मध्ये स्वतंत्र भारताचे आयुक्त म्हणून पूर्व आफ्रिकेत नैरोबीला गेले. म्हणजे घराण्याची पदवी ज्या वर्षी सत्तेला मुकली, त्याच वर्षी तिचा वारस एका प्रजासत्ताक होऊ घातलेल्या देशाचा, शब्दशः, प्रतिनिधी झाला.

उपक्रम : व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) ही कादंबरी तुमच्या अभ्यासक्रमात असो वा नसो, पुन्हा वाचा. तिच्यातील धनगरवस्तीवर तरुण मास्तर येतो तो औंध संस्थानचा नोकर म्हणून, आणि वस्तीतले लोक सरकारशी बोलतात ते त्याच्यामार्फत. मास्तर हा तेथे कोणाचा प्रतिनिधी आहे, संस्थानचा की वस्तीचा, आणि हे उत्तर कोणत्या प्रसंगापाशी बदलते, ते शोधून सुमारे १५० शब्दांत लिहा.